घरटी वर्गणी, शिमग्याची पालखी आणि देण्याचे स्वातंत्र्य

खाडीपलीकडचा (डोंबिवली, मूळ गाव गुहागर तालुक्यात)

या चर्चामंचावरील बहुतेकांची गावे कोकणातच असल्यामुळे हा प्रश्न दुसरीकडे कोठे विचारण्यापेक्षा येथे विचारावा असे वाटले.

आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार गावकीने आणि मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाने मिळून हाती घेतला आहे. जुने कौलारू देऊळ उतरवून तेथे स्लॅबचा सभामंडप आणि शिखर उभे राहणार आहे. त्यासाठी घरटी ११,००० रुपये, आणि ज्या घरातला माणूस मुंबई-पुण्याला नोकरीत आहे त्या घराला २५,००० रुपये, अशी वर्गणी बसवली आहे. हा आकडा कोणी आणि कोणत्या हिशेबाने ठरवला हे मला माहीत नाही. व्हॉट्सअॅपवर यादी आली, तिच्यात आमच्या घरापुढे आकडा होता आणि खाली 'सहर्ष देणगीदार' असे लिहिले होते. रक्कम अजून दिलेली नसताना माझा हर्ष गृहीत धरला गेला, याची मला थोडी गंमतही वाटली.

माझी तक्रार पैशांबद्दल नाही. आमच्याच वाडीतील एका गृहस्थांना डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा चिपळूणला जावे लागते. उपचाराचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होतो, परंतु पहाटे ठरवलेली गाडी, सोबत जाणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज आणि वाटेतले खाणेपिणे यांचा भार कोणतीही योजना उचलत नाही. जी रक्कम मी देवळाला द्यावी अशी अपेक्षा आहे ती त्यांच्या गाडीभाड्याला द्यावी, असे माझ्या मनात आहे. मंडळाच्या बैठकीत मी हे बोललो तेव्हा, "ते तुमचे वैयक्तिक दान झाले, ही गावाची वर्गणी आहे, दोन्ही द्या," असे उत्तर मिळाले. बैठक संपल्यावर एका ज्येष्ठ गृहस्थांनी जिन्यात माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमाने सांगितले, "बाबा रे, शिमग्याला पालखी दारात यायला हवी ना?" शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी जाते; वर्गणी दिली नाही तर ती आमच्या दारी येणार नाही, असे त्यांना सुचवायचे होते.

आई गावात एकटी राहते. तिचे म्हणणे सरळ आहे: देऊन टाक आणि विषय संपव. तिच्या दृष्टीने मी डोंबिवलीत बसून तत्त्वाच्या गोष्टी करतो आणि विहिरीवर लोकांना तोंड तिला द्यावे लागते.

नाही म्हणण्याची सोयच नसेल तर अशा देण्याला दान म्हणावे का, आणि त्यातून देणाऱ्याला काही पुण्य, समाधान, निदान माणुसकीचे नाते तरी मिळते का, हे मला समजून घ्यायचे आहे. त्याच वेळी 'माझा पैसा, मी ठरवीन' या माझ्या आग्रहात अहंकार किती आणि विवेक किती, याचीही मला खात्री वाटत नाही. वकील मंडळींनी कायद्याची बाजू सांगितली तर आभारी राहीन, पण मूळ प्रश्न कायद्याचा नाही.

अष्टागरकर (अलिबाग)

कायद्याचे आधी सांगतो, म्हणजे उरलेली चर्चा मोकळेपणाने करता येईल. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा महाराष्ट्राचा २०१६ चा अधिनियम ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. एखाद्या कुटुंबाला गावाच्या धार्मिक किंवा सामाजिक रिवाजात भाग घेऊ न देणे, त्यांच्याशी व्यवहार तोडणे किंवा तोडायला इतरांना भाग पाडणे हा त्याखाली गुन्हा असून, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा कायदा होण्यामागे आमच्या रायगड जिल्ह्यातील वाळीत टाकण्याच्या प्रकरणांचा मोठा वाटा होता, ही काही मिरवण्याची गोष्ट नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातिबहिष्काराविरुद्ध एक कायदा केला होता, परंतु दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवला. त्यामुळे मधल्या पन्नासहून अधिक वर्षांत वाळीत पडलेल्या माणसाला स्वतःचा असा कायदाच उरला नव्हता.

काही जण अशा वेळी घटनेच्या २७ व्या अनुच्छेदाचा दाखला देतात. तो येथे लागू पडत नाही, कारण एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर देण्याची सक्ती करता येणार नाही, हे बंधन तो शासनावर घालतो. गावकी म्हणजे शासन नव्हे. तुमच्या उपयोगाचा मुद्दा वेगळा आहे. देवस्थान नोंदणीकृत विश्वस्त संस्था असेल तर तिचे हिशेब दरवर्षी तपासून धर्मादाय आयुक्तांकडे जाणे आवश्यक आहे, आणि नोंदणी नसताना अशी वर्गणी गोळा करायची असेल तर सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे परवानगी लागते. नोंदणी क्रमांक असलेली छापील पावती मागणे हा तुमचा अधिकार आहे आणि त्यात कोणाचाही अपमान नाही.

जिन्यातले ते वाक्य मात्र बहिष्कार नव्हे. ते घेऊन पोलीस ठाण्यात जावे असा सल्ला मी देणार नाही. गुन्हा नोंदला गेला तर आरोपी आणि तुमच्या मातोश्री एकाच पाणंदीने ये-जा करणार आहेत.

खजिनदार (राजापूर तालुका)

मी आमच्या गावच्या देवस्थान समितीचा खजिनदार आहे, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो आहे असे समजा.

शहरातून आलेल्या प्रत्येक शंकेत असे गृहीत धरलेले असते की देऊळ म्हणजे देवाची खोली आणि तीवर खर्च म्हणजे उधळपट्टी. आमच्याकडे पावसाळ्यातली ग्रामसभा देवळाच्या मंडपात होते, आरोग्य शिबिर तेथेच भरते, लग्नाची मोठी भांडी आणि जाजमे देवस्थानाची आहेत, आणि साकव वाहून गेला तेव्हा पलीकडच्या वाडीतील मुले पाणी ओसरेपर्यंत तेथेच झोपली होती. ज्याने वर्गणी दिली नाही त्याच्या मुलांना त्या रात्री कोणी बाहेर काढले नाही. वापर सगळ्यांचा असतो, म्हणून भारही सगळ्यांवर असतो. याला तुम्ही दान म्हणूच नका. एकत्र राहण्याचा तो हिस्सा आहे, आणि हिस्सा मनात आले म्हणून दिला जात नाही.

वर्गणी पूर्ण ऐच्छिक ठेवून आम्ही पाहिली आहे. ज्याची ऐपत आहे तो शिमग्यापर्यंत विचार करत बसतो आणि ज्याची नाही तो कोंबडी विकून पहिल्या आठवड्यात पैसे आणून देतो. म्हणजे ऐच्छिकतेचा भार शेवटी गरिबाच्या भिडेवर पडतो. घरटी आकडा ठरवला की निदान ही विषमता तरी झाकली जात नाही.

विनोबा आपल्या पेण तालुक्यातील गागोद्याचे. १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदानाला सुरुवात झाली, त्यानंतर त्यांनी देशभर पायी फिरून प्रत्येकाकडे जमिनीचा सहावा हिस्सा मागितला आणि सक्ती कोणावरही केली नाही. पाच कोटी एकरांची अपेक्षा होती, मिळाली ती चाळीस लाखांहून अधिक एकर. केवळ शब्दावर इतकी जमीन मिळावी ही विलक्षण गोष्ट आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यातील मोठा भाग खडकाळ, वादात अडकलेला किंवा वाटता न येण्यासारखा निघाला. काय द्यायचे याची पूर्ण मोकळीक मिळाली की माणूस आधी नको असलेले बाहेर काढतो. 'माझा पैसा, मी ठरवीन' हे ऐकताना मला ती खडकाळ जमीन आठवते.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. चाकरमान्याला दुपटीहून अधिक दर लावायचा असेल तर तो सभेत, त्याच्या समोर ठरला पाहिजे. व्हॉट्सअॅपवर यादी टाकून 'सहर्ष' लिहिणे हा आळस आहे. आणि पालखीचा उल्लेख तर कोणीच करू नये. पालखी गावदेवीची आहे, समितीची नाही.

निवृत्त शिक्षक (दापोली)

खजिनदारांनी हिस्सा आणि दान यांत केलेला भेद पटण्यासारखा आहे, पण हिस्सा वसूल करण्याचा अधिकार ज्याच्या हातात असतो तो त्या अधिकाराचे पुढे काय करतो, हेही पाहिले पाहिजे. त्यासाठी आमच्या तालुक्यातील एक जुनी गोष्ट सांगतो; अनेकांना ती अर्धी ठाऊक असते.

दापोली तालुक्यातील मुरूड हे धोंडो केशव कर्वे यांचे गाव. परगावी नोकरीला गेलेल्या मुरुडकरांनी आपल्या मिळकतीतला थोडा भाग गावाच्या कामासाठी बाजूला काढावा, या कल्पनेतून त्यांनी 'मुरूड फंड' उभा केला. आजच्या भाषेत सांगायचे तर मुंबई मंडळाची कल्पना कर्व्यांना तेव्हाच सुचली होती, आणि त्यांची स्वतःची परिस्थिती तर अशी होती की फंड काढण्याऐवजी एखाद्या फंडातून मदत घ्यावी. पुढे १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि ते पत्नीसह गावी आले. तेव्हा याच गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार टाकला, आणि त्यांना घरात थारा देणाऱ्या त्यांच्या आईला आणि भावालाही तीच शिक्षा होईल असे ठरवले. घरच्यांना त्रास नको म्हणून कर्व्यांना त्यांच्यापासून दूर राहावे लागले.

गावासाठी पैसे जमवणे ही गोष्ट त्या सभेत त्यांच्या कामी आली नाही. म्हणून खाडीपलीकडच्या मित्राला सांगावेसे वाटते की, २५,००० रुपये भरले म्हणजे पालखीची हमी मिळाली असे समजू नका. पालखी अडवता येते हे एकदा सर्वांनी मनातून मान्य केले की आज ती वर्गणीसाठी अडेल, उद्या मुलीने कोणाशी लग्न केले यासाठी अडेल आणि परवा मत कोणाला दिले यासाठी. तुमच्या रकमेपेक्षा हे अधिक गंभीर आहे, आणि माझ्या मते सभेत उभे राहून बोलायचे असेल तर याच मुद्द्यावर बोलावे. देवळाऐवजी डायलिसिस असा सामना लावलात की लोक देवळाच्या बाजूने उभे राहतील आणि मुख्य प्रश्न बाजूला पडेल.

दात्याच्या अटींबद्दलही थोडे. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले आणि १९२० मध्ये त्या विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लाख रुपयांची देणगी मिळाली. दात्याच्या मातोश्रींचे नाव तेव्हापासून विद्यापीठाला आहे. मला यात काही वावगे वाटत नाही. अट उघड होती, ती स्वीकारण्याचे किंवा नाकारण्याचे स्वातंत्र्य घेणाऱ्याला होते, आणि नाव लागल्याने एकाही विद्यार्थिनीला खाली मान घालावी लागली नाही. पुढे वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर हेच कर्वे खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी दारोदार फिरून लहान-लहान देणग्या गोळा करत होते. तेथे कोणाचे नाव लागण्याचा प्रश्नच नव्हता. मोठ्या रकमेला नाव आणि लहान रकमेला विस्मरण, हा जगाचा न्याय आहे खरा. आमच्या भागातील काही देवळांत आता पायऱ्यांच्या लाद्यांवरही दात्यांची नावे कोरलेली असतात आणि भक्त त्या नावांवर पाय देऊन वर जातात. दात्यांनी याचा विचार केला नसावा.

रोठा (श्रीवर्धन)

सर्व मंडळी देणाऱ्याच्या बाजूने बोलत आहेत: त्याचे स्वातंत्र्य, त्याची सक्ती, त्याचे नाव. मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते, कारण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या डोक्यावरून गेले आणि त्यानंतरचे काही महिने आम्ही घेणारे होतो.

आमची नारळ-सुपारीची वाडी लहान आहे. वाऱ्याने सुपारी मुळासकट काढली नाही, बहुतेक पोफळी मधूनच मोडल्या. नारळ आडवे पडले आणि त्यांच्याखाली कुंपण, पाटाची मोरी आणि गोठ्याचे पत्रे गेले. त्या वेळी टाळेबंदी होती, वीज नव्हती, फोन लागत नव्हते. रस्ता मोकळा झाल्यावर मदतीच्या गाड्या येऊ लागल्या. त्यांनी आणलेले धान्य आम्ही खाल्ले आणि त्याबद्दल आजही उपकार मानते. परंतु त्याच गाड्यांतून जुन्या कपड्यांची गाठोडीही आली, त्यांत एक भरजरी शेरवानी होती, आणि ते कपडे पावसात भिजून रस्त्याच्या कडेला कुजत पडले. एका गटाने पिशवी हातात देण्यापूर्वी आम्हाला ओळीत उभे केले, फलक धरायला लावला आणि माझ्या सासऱ्यांना सांगितले, "आजोबा, जरा हसा." सासऱ्यांनी पिशवी घेतली नाही. घरात तांदूळ दोन दिवसांचा होता आणि मला त्यांचा राग आला होता. आज येत नाही.

त्याच आठवड्यात पुण्याहून काही मुले लाकूड कापण्याचे यंत्र घेऊन आली. त्यांनी दारात उभे राहून विचारले, "आधी काय तोडू?" सासूबाई म्हणाल्या, "विहिरीची वाट." त्यांनी वाट मोकळी केली, मग गोठा, आणि संध्याकाळी चहा घेऊन ती पुढच्या वाडीत गेली. त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. त्यांनी दिले त्यापेक्षा जास्त किमतीच्या वस्तू इतरांनी दिल्या असतील, पण काय हवे हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी आमच्याकडे ठेवला, आणि ते दिवस असे होते की आमच्या हातात ठरवण्यासारखे दुसरे काहीच उरले नव्हते.

सरकारी मदतीचीही गोष्ट सांगते. फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली गेली, म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये. मोडलेल्या पोफळीच्या जागी लावलेले रोप फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात, तेव्हा ही रक्कम किती तोकडी होती ते वाडीवाल्यांना सांगायला नको. आम्ही तक्रारी केल्या, तहसीलदारांच्या कार्यालयात आवाज चढवून बोललो. ते मात्र आम्हाला करता आले! दान देणाऱ्यापुढे आवाज चढवता येत नाही. तुटपुंज्या हक्कात जो ताठ कणा राहतो तो भरघोस दानात राहीलच असे नाही, हे मी अनुभवाने सांगते.

आता खाडीपलीकडच्या भावाला माझा एकच प्रश्न आहे. तुमच्या वाडीतील त्या गृहस्थांना तुम्ही विचारले आहे का? तुम्ही मंडळाच्या भर बैठकीत त्यांच्या आजाराचा उल्लेख केलात, म्हणजे देवळाची वर्गणी त्यांच्या गाडीभाड्यासाठी अडली ही बातमी आतापर्यंत गावात पोचली असेल. उद्या सभामंडपाचे काम रखडले तर कोणाकडे बोट दाखवले जाईल? तुमचे स्वातंत्र्य जपताना त्यांना नको असलेले ऋण त्यांच्या गळ्यात पडू नये. तुम्ही नाही म्हणू शकता की नाही, याची चर्चा येथे बरीच झाली. ते नाही म्हणू शकतात का, हेही बघा.

बाणकोटी (सध्या दोहा)

रोठाताईंचे लिखाण वाचून आमच्याकडची पद्धत सांगावीशी वाटली, कारण सक्ती आणि स्वातंत्र्य हे दोन्ही तिच्यात एकत्र नांदतात.

आम्हा कोकणी मुसलमानांत ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक संपत्ती वर्षभर राहते, त्याच्यावर तिचा चाळीसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, जकात म्हणून देणे बंधनकारक असते. आमच्याकडे ही मर्यादा साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी सांगितली जाते. हे देणे मनाच्या लहरीवर सोडलेले नाही, तरीही ते इबादत मानले जाते, त्यामुळे 'सक्ती आली की पुण्य संपले' हे मूळ प्रश्नातले गृहीतक मला पटत नाही. फरक असा की येथे हिशेब माझा मी करतो. माझ्याकडे किती सोने आहे हे जमातीची यादी ठरवत नाही. याशिवाय सदका आहे, तो पूर्णपणे स्वेच्छेचा, आणि तो गुप्त द्यावा यावर भर आहे.

ताईंच्या मुद्द्याला धरून दोन नियम महत्त्वाचे आहेत. जकात घेणाऱ्याच्या हातात गेली की ती त्याच्या मालकीची होते. त्याने तिचे तांदूळ आणले की मोबाइलचा रिचार्ज केला, हे विचारायचा मला अधिकार राहत नाही. आणि बहुतेक उलेमांच्या मते जकातीचा पैसा मशिदीच्या बांधकामाला चालत नाही, तो माणसांनाच पोचला पाहिजे. मशिदीसाठी आम्ही वेगळी वर्गणी काढतो, आणि हे कबूल केले पाहिजे की तेथे आखाती देशांत असलेल्यांच्या नावापुढचा आकडा आमच्याकडेही आम्हाला न विचारताच लिहिला जातो. त्या बाबतीत खाडीच्या दोन्ही काठांवर सारखेच वारे आहे.

खाडीपलीकडचा

सर्वांचे मनापासून आभार. रोठाताईंच्या प्रश्नामुळे काल त्या गृहस्थांच्या घरी फोन केला. त्यांच्या पत्नी म्हणाल्या की गाडीभाड्याचे त्यांच्या भावाने पाहायचे ठरले आहे आणि ते तसेच राहू द्यावे. वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत उतरणारी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, मात्र पावसात शेवाळाने निसरडी होते, पहाटेच्या अंधारात त्यांना दोघांनी धरून उतरवावे लागते. तिला एका बाजूने कठडा झाला तर त्यांच्यासकट सगळ्यांचीच सोय होईल. इतकी वर्षे मी ती पाखाडी चढतो-उतरतो आहे आणि कठड्याचा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

देवळासाठी घरटी ११,००० रुपये देण्याचे ठरवले आहे. ते आई तिच्या निवृत्तिवेतनातून स्वतःच्या नावाने देणार आहे आणि हा निर्णय तिचा आहे. मी भरतो म्हटले तर ती रागावली. वरच्या १४,००० रुपयांबद्दल मी मंडळाला लिहून कळवले आहे की, चाकरमान्यांचा दर पुढच्या सभेत सर्वांसमोर ठरेपर्यंत मी ते देणार नाही. शिमग्याचे जे व्हायचे ते होईल, आणि पालखीबद्दल सभेत बोलणारच आहे. दोघे-तिघे माझ्या बाजूने बोलायला तयार आहेत, जिन्यातले ज्येष्ठ गृहस्थ अर्थातच नाहीत.

पाखाडीच्या कठड्यासाठी काय करावे लागेल, याची माहिती कोणाला असल्यास सांगावी.

खजिनदार

पाखाडी ग्रामपंचायतीच्या नोंदीत आहे की कोणाच्या खासगी जागेतून जाते ते आधी पाहा. खासगी जागा असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, कारण नंतर वाद निघतो तो हमखास कठड्याच्या खांबावरूनच निघतो. नोंदीत असेल तर ग्रामपंचायत कार्यालयात अर्ज द्या आणि ना-हरकत मिळाल्यावरच काम सुरू करा. साधा लोखंडी पाइप खाऱ्या वाऱ्यावर टिकत नाही, जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप घ्या आणि खांब काँक्रीटमध्ये निदान दीड फूट खोल बसवा. मजुरीचे पैसे वाचवायचे असतील तर वाडीतील लोकांना श्रमदानासाठी विचारा, भातलावणीच्या आधी मोकळा वेळ असतो. आणि मातोश्रींच्या नावाची पावती नोंदणी क्रमांकासह छापील घ्या; ११,००० चा आकडा अक्षरी लिहिलेला आहे का तेही बघा.